समिंदर, चिचुंदर

नानांचा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. कायद्याची पुस्तकं, शाळेची पुस्तकं, जाडजूड अहवाल. छापण्याआधी मजकूर त्यांच्या टेबलावर यायचा आणि लाल खुणांनी भरून परत जायचा. निवृत्त झाले तरी लाल पेन सदऱ्याच्या खिशातच राहिलं. इमारतीच्या फळ्यावर कुणी 'पाणि बंद' लिहिलं, तर ते खाली उतरून वेलांटी दुरुस्त करून येत, मग पाणी गेलंय म्हणून घरात ओरडत.

त्यांच्या सुनेनं लहान मुलांसाठी यमकांचं एक चित्रपुस्तक लिहिलं होतं. समुद्री चाचे झालेले डायनोसॉर, त्यांचं जहाज आणि त्यांचा कप्तान. कप्तानाचे हात इतके आखूड की दुर्बीण डोळ्यापर्यंत पोचायची नाही, म्हणून टोपीत बसलेली चिचुंद्री त्याच्यासाठी ती धरायची. सून दोन वर्षं त्या ओळी घोळवत होती. भाजी चिरताना पुटपुटायची, मुलीला आंघोळ घालताना म्हणून बघायची. नातीला तर सगळं पुस्तक छापायच्या आधीच पाठ होतं.

नानांना वाटलं होतं की ती मुद्रितं आपल्याकडे देईल. तिनं दिली नाहीत. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तपासली आहेत, तुम्ही कशाला डोळे शिणवता, असं ती चांगल्या मनानं म्हणाली. नानांनी बरं म्हटलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण ते लागलं त्यांना. घरात मुद्रितशोधक असताना मजकूर बाहेर जातो म्हणजे काय?

शेवटची मंजूर प्रत सही करून तिनं पाकिटात घातली, तेव्हा नाना म्हणाले की छापखाना माझ्या फिरायच्या वाटेवरच आहे, मी टाकून येतो. वाटेत ते बागेतल्या बाकावर बसले. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. नुसतं बघू या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पहिल्याच पानावर होतं:

हिरवे चाचे, निळा समिंदर,
टोपीत बसली एक चिचुंदर!

नानांच्या कपाळाला आठी पडली. समिंदर हे काय? त्यांनी 'समुद्र' केलं. चिचुंदरची 'चिचुंद्री' केली. उद्गारचिन्ह उगीच होतं, तिथे पूर्णविराम दिला. पुढे 'तोफ उडाली धुडुमधडाड' अशी ओळ होती. असा शब्द कोशात नाही, म्हणून तो खोडून त्यांनी 'मोठ्याने' लिहिलं. पानामागून पान लाल होत गेलं. शेवटी त्यांना मनापासून बरं वाटलं, खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं. प्रत पाकिटात घालून त्यांनी ती छापखान्याच्या दाराजवळच्या पेटीत टाकली. सून छापील पुस्तक बघेल तेव्हा तिला कळेल, असं त्यांच्या मनात होतं. काय कळेल, याचा विचार त्यांनी केला नाही.

प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक आलं ते थेट वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत, गठ्ठ्यानं. दोरी तिथेच सोडली. सतरंजीवर बसलेल्या मुलांच्या हातात एकेक प्रत गेली. सून समोर उभी राहून पाठ म्हणू लागली. नाना मागच्या खुर्चीवर ताठ बसले होते.

पहिली पानं मुलं नुसती चित्रंच बघत होती. तोफेची ओळ आली तेव्हा चष्मा लावलेली एक मुलगी म्हणाली की इथे असं नाहीये. सून हसली आणि पुढे गेली. मग आणखी एक मूल म्हणालं, मग सगळीच. पुढे ती पुन्हा समिंदर म्हणाली की मुलं समुद्र म्हणत. कुणी हसेना. शेवटी तिनं त्या मुलीच्या हातातली प्रत घेऊन वाचायला सुरुवात केली. "तोफ उडाली मोठ्याने," तिनं वाचलं आणि ती थांबली. पानं चाळता चाळता तिचा चेहरा उतरत गेला. तरी तिनं छापलं होतं ते सगळं वाचलं. एक मूल जांभई देऊन बुटाची नाडी सोडू लागलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कशा होत्या ते नानांना कळलं.

त्यांनी आयुष्यभर मजकूर डोळ्यांनी वाचला होता. मोठ्यानं म्हणून कधी बघितलाच नव्हता. आता कानांनी ऐकलं, आणि भुईनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी सून तडक छापखान्यात गेली. नवऱ्याला तिनं रात्री जेवताना सगळं सांगितलं, नाना समोरच बसले होते. तिथे अक्षरजुळणी करणारी एक बाई आहे. ती म्हणाली की प्रतीवर लाल दुरुस्त्या होत्या, मी त्याप्रमाणे केलं. प्रत कुठे आहे म्हटलं, तर छपाई झाल्यावर रद्दीत गेली. मालकानं तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. सुनेनंही तोंड सोडलं, स्वतःच्या चुका लपवायला खोटं बोलू नका म्हणाली. आता त्या बाईकडून पुस्तकांचं काम काढून घेतलं होतं आणि बिलबुकं दिली होती.

मग सून नानांकडे वळली.

"नाना, पाकीट तुम्हीच टाकलंत ना? आत लाल काही होतं का?"

"मी कशाला उघडून बघू?" नाना म्हणाले. "दिलं तसं टाकलं."

तिनं लगेच विश्वास ठेवला. तोच त्यांना सोसवेना. तिनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

त्यानंतर ते घरात कानकोंडे झाले. नात दुपारी पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसे. ते वाचू लागले की जीभ अडखळे आणि ती त्यांच्या तोंडावर हात ठेवून खरी ओळ म्हणे. "नाना, तुम्हाला येतच नाही," असं ती गंभीरपणे सांगे. नाना हो म्हणत. फिरायला जाताना ते छापखान्याची गल्ली टाळून लांबून जाऊ लागले. एकदा भाजीवाल्याकडे एक अनोळखी बाई त्यांच्याकडे बघून हसली, तर ती जुळणीवालीच असेल या धास्तीनं ते भाजी न घेताच परतले. जुळणीवाली दिसायला कशी आहे, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी एका सकाळी ते छापखान्यात गेले. जुळणीवाली खिडकीपाशी बसली होती, चाळिशीची, केसांना चिमटा लावलेला. पडद्यावर कुठल्याशा लोखंडी सामानाच्या दुकानाचं बिल होतं. नाना तिच्या टेबलाशी उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. दुरुस्त्या मी केल्या, सुनेला माहीत नव्हतं, विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी खोटं बोलत नव्हते, हे मला माहीतच होतं. आत जाऊन सांगा."

आत मालकानं नानांना ओळखलं. जुना माणूस, जुनं नाव. सगळं ऐकून तो हसला, चहा मागवला, वयोमानानं होतं असं, मनावर घेऊ नका, म्हणाला. नानांनी चहाला हात लावला नाही. वयाचा काही संबंध नाही, डोकं ठिकाणावर असताना केलंय, असं ते म्हणाले. तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच सांगा. मालकाचं हसू मावळलं. तो दारापर्यंत गेला आणि उद्यापासून पुस्तकांचं काम घे, एवढंच त्यानं तिला सांगितलं. चूक झाली असं काही तो म्हणाला नाही. यंत्रावरच्या दोघांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. नाना तिथेच उभे होते. चूक माझी होती, बाईंची नव्हती, हे त्यांनी स्वतःच मोठ्यानं सांगितलं, पण यंत्राच्या आवाजात ते किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे.

सून ऑफिसातून आली तेव्हा तिला पर्सही खाली ठेवू न देता त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. पुस्तकावरून आता ती तोडून बोलेल, या तयारीनं ते उभे होते.

"पुस्तकाचं जाऊ द्या," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी त्या बाईला खोटारडी म्हटलं हो. तिच्या माणसांसमोर. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

सून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिली.

शनिवारी दोघं मिळून छापखान्यात गेली. सुनेनं यंत्र थांबवायला सांगितलं आणि सगळ्यांदेखत त्या बाईची माफी मागितली. तिनं एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. नाना तिच्या मागे मान खाली घालून उभे होते. जुळणीवाली बाई खुर्चीतून उठली नाही. ठीक आहे, म्हणाली. मग मूळ ओळींची दुसरी आवृत्ती काढायची तर फाईल कधी पाठवता, एवढं विचारून ती पडद्याकडे वळली. तिनं नानांकडे बघितलंच नाही, आणि बघावं असं त्यांनाही वाटत नव्हतं.

परतताना सून भरभर पुढे चालत होती. नाना मागे पडले. चौकात सिग्नल हिरवा होता, ती सहज निघून गेली असती. पण ती पदपथाच्या कडेला थांबली. नाना पोचले तेव्हा सिग्नल लाल झाला होता. तिनं त्यांचा हात धरला नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा हिरवा होईपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभी राहिली.