चालीसव्याचं पाणी

सलाइनच्या नळीला धक्का न लावता मूमलने फोन उचलला. डॉक्टरीणबाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या: टायफॉइड आहे, पण नेहमीच्या इंजेक्शनांना दाद न देणारा, पाकिस्तानातून परतलेल्यांत हल्ली असा सापडतो. औषध बदललंय, उतार पडेल. मूमलला स्वतःची काळजी उरली नव्हती. पण तिकडे सिंधमधल्या हैदराबादेत पुफी, तिच्या बाबांची बहीण, तापाने पडून होती, आणि नाक्यावरचा डॉक्टर तिला तीच इंजेक्शनं टोचत होता.

बाबांच्या चालीसव्याला, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाला, मूमल मँचेस्टरहून तिकडे गेली होती. पुफीने बाबांच्या मटक्यातलं पाणी त्यांच्याच पेल्यात भरून दिलं. मातमाच्या, दुखवट्याच्या घरचं पाणी कुणी नाकारत नाही.

"पुफी, कशा आहात?"

"आहे अजून. तू बिलायतेत राहून अंथरूण धरलंस म्हणे."

"टायफॉइड झालाय. तुम्हालाही तोच असणार. ती इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. आजच मोठ्या इस्पितळात जा, रक्त तपासून घ्या."

"तुला कुठून लागला?"

विमानातल्या जेवणाचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं.

"मटक्यातल्या पाण्यातून, असं वाटतं."

"म्हणजे माझ्या भावाच्या मातमाला नाव ठेवतेस?"

"नळाला ठेवतेय. त्यात गटार मिसळतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि मी दोन पेले प्याले, पुफी. तुमचा मान राखूनच आजारी पडलेय."

पुफी हसली, मग खोकली.

"माझ्या अदांना, तुझ्या बाबांनाही, शेवटी हीच इंजेक्शनं दिली होती," ती म्हणाली. "त्यांचा ताप उतरेचना. आम्ही म्हटलं, वय झालं."

मूमलला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणून तुम्ही जायचं," ती म्हणाली. "आत्ता."

पलीकडे पुफीने सुनेला हाक मारली. "रिक्षा बोलव. आणि तो मटका ओतून टाक, पाणी उकळून घेत जा." मग फोनवर: "औषधाचं नाव पाठव. मोठ्या अक्षरांत."

"पाठवते."

"अगं, मटका फोडू नकोस," पुफी सुनेवर ओरडत होती. "अदांचा आहे तो."