निजलेल्या झाडांवरचा घाव

दोष कोणाचा, मूठ धरणाऱ्या हाताचा की धार असलेल्या पात्याचा? तुम्ही शिकलेले आहात, देवाला मानणारे आहात, तेव्हा तुम्हीच सांगा. मात्र उत्तराची घाई करू नका. याच प्रश्नावरून एका बाईचे घर उठायची वेळ आली होती.

मी एक कोयती बोलते आहे. डिंक साठवण्याच्या छपरात, दारासमोरच्या भिंतीला, खिळ्यावर टांगलेली. माझ्या धारेला दाते पडले आहेत आणि मुठीला हात लागून कित्येक वर्षे झाली. लोखंडाला राग येत नाही, असे लोहार म्हणतो. त्याला लोखंड तापलेलेच माहीत. थंड लोखंड भिंतीवर टांगून ठेवले तर ते काय काय आठवत बसते, हे त्याने पाहिलेले नाही.

जन्माने मी कोयता. मोडक्या मालमोटारीच्या पाट्यातून मला घडवले आणि डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या एका माणसाने मला नेले. आज सगळे त्याला म्हातारा म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. त्याच्या लोकांची रीत अशी की उतारावरचे रान तोडायचे, वाळू द्यायचे, जाळायचे आणि राखेत बी टाकायचे. काही पिके निघाली की ती जमीन टाकून पुढच्या उतारावर जायचे. टाकलेली जमीन निजते. तिच्यावर पुन्हा रान चढते, माती भरते. मुलगा बाप होईपर्यंत तिला कोणी उठवायचे नाही, हा त्यांचा नेम होता. मोठ्या झाडांना म्हाताऱ्याने मला कधी लावले नाही. "ज्यानं झाड दिलं त्याच्यासमोर उभं राहायचंय एक दिवस," एवढेच तो म्हणायचा.

मग डोंगर अपुरा पडू लागला. खालून रस्ता आला, रस्त्यामागून लाकडाचे ठेकेदार आले, आणि वस्तीत तोंडेही वाढली. निजलेल्या जमिनीला लोक अर्ध्या झोपेतून उठवू लागले. कणसे बोटाएवढी आली, माती ओढ्याला गेली. तेव्हा खालच्या गावातले लोक यांना जंगलाचे वैरी म्हणू लागले. हे म्हणणाऱ्यांच्या घरातली कपाटे, पलंग आणि देव्हारे कोणत्या डोंगरावरून उतरले होते, ते मला ठाऊक आहे. त्या लाकडावर चाललेल्या करवतींचे आवाज मी ऐकले आहेत. त्यांना कोणी वैरी म्हटले नाही.

म्हाताऱ्याची थोरली सून या कथेची खरी धनीण. तिचा नवरा तापाने गेला, पदरात एक मुलगी. अंगाने ठेंगणी, बोलणे मोजके. दर वेळी वस्ती उठली की बाकीचे लोक भांडी घेत, ही आधी दार घेई. जाड फळ्यांचे एकच दार होते घरात, नवऱ्याने केलेले. ते पाठीवर बांधून ती उतार चढायची. म्हातारा म्हणायचा, "अगं, भिंती नाहीत आपल्याला, दार कशाला वाहतेस?"

"भिंती काय, कुठंही उभ्या राहतात, मामंजी. दार एकच आहे."

एका उन्हाळ्यात वनखात्याची एक बाई डोंगर चढून आली. तिने लोकांना उपदेश केला नाही, अख्खा उतार पायाखाली घातला आणि मग अंगणात बसून सांगितले, "ही डिंकाची झाडं आहेत. तोडलीत तर एकदाच जळतील. राखलीत तर तुमच्या नातवंडांनाही पोसतील. सालीला बेताची खाच पाडायची, आतल्या लाकडाला धक्का नाही. एक हंगाम डिंक घेतला की त्या झाडाला विश्रांती. विश्रांतीच्या झाडाला चुन्याचा पट्टा. आणि हात पोचेल तिथंच खाच, शिडी लावायची नाही."

म्हातारा म्हणाला, "म्हणजे आम्ही जमीन टाकतो, तसं झाड टाकायचं."

"अगदी तसंच, आजोबा. फक्त निजायचं झाडानं. तुम्ही उठून जायचं नाही, राखण करायची."

करार ठरला. तो उतार सगळ्या वस्तीच्या गटाला राखायला मिळाला. झाडे टिकली तर हक्क कायमचा. झाडे मेली तर वस्तीने तिथून निघायचे. थोरलीने त्याच आठवड्यात दगड गोळा करायला सुरुवात केली. भिंती उभ्या राहिल्या आणि त्या दाराला पहिल्यांदा लोखंडी बिजागऱ्या लागल्या. दार लावून झाले तेव्हा तिने वरच्या पट्टीला हात लावून पाहायचा प्रयत्न केला. टाचा उंचावूनही हात पुरला नाही. मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी तीही हसली.

आणि मला लोहाराकडे नेले. त्याने माझे अर्धे अंग कापून कोयत्याची कोयती केली. माझे पाते लहान झाले, वाकले, टोकाशी नाजूक झाले. आधी अपमान वाटला. पण पहिल्या झाडाच्या सालीत थोरलीने मला हलकेच फिरवले, आणि थोड्या वेळाने त्या जागी डिंकाचा मणी उभा राहिला, मधासारखा. ज्या झाडाला मी स्पर्श केला ते दुसऱ्या दिवशीही उभेच होते. इतकी वर्षे रान तोडून मला हे कधी मिळाले नव्हते.

"हलक्या हातानं गं," शेजारीण मागून चिडवायची. "झाड आहे ते, दीर नव्हे."

दीर म्हणजे धाकटा. नावाचाच धाकटा, उंचीने एवढा की वहिनीच्या दारातून वाकल्याशिवाय आत यायचा नाही. बोलण्यात पटाईत, खालच्या व्यापाऱ्याशी वाटाघाट तोच करायचा, म्हणून गटाने त्याला मुकादम केले. पहिले काही हंगाम ठीक गेले. मग त्याच्या तोंडी एकच पालुपद येऊ लागले, "एवढ्यावर किती दिवस काढायचे? एक हंगाम दणक्यात निघाला की मी खाली रस्त्यावर दुकान टाकतो. मला या डोंगरावर म्हातारं व्हायचं नाही."

व्यापाऱ्याने त्याला एक बाटली दिली. झाडाला खोल भोक पाडायचे, त्यात हे औषध ओतायचे, डिंक दुप्पट वाहतो. कसले औषध? अंगातले रक्त एकदम बाहेर काढण्याला औषध म्हणायचे, तर मग विष कशाला म्हणायचे?

दुपारी वस्ती पेंगत असताना त्याने मला खुंटीवरून काढले. स्वतःची कोयती घरात असताना मला नेले, हे लक्षात ठेवा. तो विश्रांतीच्या झाडांकडे गेला. माझ्याच धारेने त्याने चुन्याचे पट्टे खरवडले. मग मला सालीतून, सालीच्या आतून, थेट लाकडात घातले. मी अडकले, तशी त्याने मला पिरगाळून काढले. माझ्या धारेचे दाते त्या दुपारचे आहेत. मी ओरडू शकत असते तर सारा डोंगर जागा केला असता. देवाने मला धार दिली, जीभ दिली नाही.

त्या हंगामात डिंक असा वाहिला की छपरात ठेवायला जागा उरली नाही. लोक खूश झाले. कोणीही विचारले नाही की झाडे तीच, माणसे तीच, मग हे आले कुठून. मला मुकादमाइतकाच राग त्या न विचारण्याचा आहे. पोट भरलेले असले की माणसाला प्रश्न सुचत नाहीत, आणि पुढे ताट रिकामे झाले की तो देवाला प्रश्न विचारतो.

थोरलीने मात्र विचारले. माझी धार पुसताना तिला चुना दिसला, आणि दात्यांत अडकलेली लाकडाची पांढरी कुसळे दिसली.

"भाऊजी, माझी कोयती कोणी नेली होती?"

"कोयतीला काय पाय फुटतात? असेल इथंच."

"हिला चुना लागलाय."

"वहिनी, तुम्ही चूल बघा. डोंगर मी बघतो."

ती सासऱ्याकडे गेली. म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मुकादम आहे तो. त्याला कळतं," म्हणाला. पोटचा मुलगा आहे, हे शब्द त्याने तोंडातच ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यानंतर सगळ्या डोंगराला पालवी फुटली, त्या उतारावरच्या विश्रांतीच्या झाडांना फुटली नाही. फांद्या वाऱ्याशिवाय गळू लागल्या. वनखात्याची बाई आली. एकेका झाडाच्या भोकात तिने लांब काडी घातली, काडीचा वास घेतला. मग तिने सगळ्यांना तिथेच, मेलेल्या झाडांखाली बसवले.

"करार तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "हे कोणी केलं?"

मुकादम उठला. त्याच्या हातात मी होते. त्याने मला सर्वांसमोर उंच धरले आणि आवाजात दुःख आणून म्हणाला, "सांगायला जीभ रेटत नाही, बाई. घरचंच माणूस आहे. धारेचे दाते बघा. कोयती कोणाची, ते सगळ्यांना माहीत आहे. विधवा बाई, मुलीची काळजी, लोभ सुटला असेल. तिला गटातून काढा, पण आमची वस्ती उठवू नका."

साक्षीला त्याने मला उभे केले. झाडे मारताना माझा हत्यार म्हणून वापर केला, आता खोट्याचा पुरावा म्हणून केला. माझ्या उभ्या जन्मात एवढी नीच गोष्ट मी पाहिलेली नाही, आणि मी रान जळताना पाहिले आहे.

थोरलीने वाद घातला नाही. ती घरी गेली आणि पदराने डोळे पुसत दाराच्या बिजागऱ्यांचे खिळे उपसू लागली. तिच्यामुळे वस्ती वाचणार असेल तर ती जाणार होती, दार घेऊन. मुलगी धावत उताराकडे आली. "आजोबा, आई दार काढतेय."

तेव्हा म्हातारा उठला. बाई मात्र त्याच्याआधी बोलली. "तिला बोलवा. दार राहू दे तिथंच."

थोरली आली. बाईने मला मुकादमाच्या हातातून घेऊन तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "त्या भोकाला लाव."

थोरलीने हात वर केला. टाचा उंचावल्या. माझे टोक भोकाच्या वीतभर खालीच राहिले. दुसऱ्या झाडाशी तसेच. तिसऱ्या झाडाशी कोणी तिला जायला सांगितले नाही. शिडी त्या वस्तीत कधी नव्हतीच.

"आता तुम्ही," बाई मुकादमाला म्हणाली.

तो जागचा हलला नाही. शेजारीण हळूच म्हणाली, "जा की, मुकादम. तुमचा डोंगर तुम्ही बघता ना?"

म्हातारा मुलासमोर येऊन उभा राहिला. त्याने हात उगारला नाही. "मी गप्प बसलो, म्हणून ती दार काढायला लागली," तो म्हणाला. "झाडं तू मारलीस. तिला मारायला मी मदत केली. मला काय द्यायचं ते वरचा देईल. तुला काय द्यायचं ते मी सांगतो."

बाईने खात्याकडे शब्द टाकला. वस्तीला तो उतार राहिला, पण एका अटीवर: मेलेला भाग पुन्हा उभा करायचा, आणि त्याची जबाबदारी एका माणसाने घ्यायची. बाटली देणाऱ्या व्यापाऱ्याचे काय झाले, असे विचाराल तर काहीच झाले नाही. तो दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याला गेला. त्याचा न्याय माझ्या नजरेच्या पलीकडे आहे, पण न्याय आहे, एवढी माझी श्रद्धा आहे.

मला धार लावायला लोहार एकदा आला होता. थोरलीने नको म्हटले. तुम्हालाही माझे हेच सांगणे आहे. मला धार लावू नका, तेल देऊ नका. हे दाते राहू देत. हातात कोयती घेऊन डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने जाताना एकदा माझ्याकडे पाहावे.

आणि मुकादमाची शिक्षा? मुकादमपद गेले. त्याने कोयतीला पुन्हा हात लावायचा नाही. त्या मेलेल्या उतारावर खोप बांधून राहायचे, रोपे लावायची, ओढ्यावरून पाणी वाहायचे, गुरे हाकायची, आणि त्यातले शेवटचे झाड पहिल्या खाचेला येईपर्यंत खाली वस्तीत राहायला यायचे नाही. खोपीला दार लावायचे नाही, हे म्हाताऱ्याने स्वतः सांगितले. म्हातारा आता देवाघरी गेला. त्याचा शब्द मागे आहे.

छपराच्या दारातून तो उतार मला दिसतो. यंदा खालच्या अंगाची झाडे खाचेला आली. थोरलीची मुलगी नवी कोयती घेऊन गेली आणि तिने पहिली खाच पाडली. शेजारी तो घागर टेकवून उभा होता. केस पांढरे, पाठ एवढी वाकलेली की आता वहिनीच्या दारातून सरळ जाईल.

"एकदा मी पाडू का?" त्याने विचारले.

"नाही, काका. आजोबांनी सांगितलंय."

त्याने मान हलवली आणि घागर उचलली. वरच्या अंगाची रोपे अजून मनगटाएवढीच आहेत.