खाणीच्या बागेतला दहावा

कावळे नव्हते असं नाही. विहिरीवरच्या उंबरावर बसून ते खाली बघत होते. पण पिंडाला शिवायला एकही उतरेना.

वनमालाचा दहावा होता. तिचा मुलगा बाळा डोकं भादरून, ओल्या पंच्यात हात जोडून उभा होता. मागे तिचा नवरा जयवंत.

"आई, बाबांना मी सांभाळीन," बाळा म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"वने, गावच्या देवीची ओटी मी भरते गं," शेजारची सोनूबाई पुढे होऊन म्हणाली. थोडा वेळ वाट पाहून ती जयवंतकडे वळली. "भावजी, तिचा जीव कशात अडकलाय ते तुम्हाला ठाऊक आहे. बोला की."

जयवंतला ठाऊक होतं. घाटकोपरच्या या टेकडीवर आधी दगडाची खाण होती. खाण बंद पडली आणि खड्ड्यात कचरा साठला. वनमालाने चाळीतल्या बायका गोळा केल्या, घमेल्यांनी माती टाकून झाडं लावली. मग महापालिकेने कुंपण घातलं, सिमेंटचा हत्ती बसवला. त्याच्या सोंडेवरून पोरं घसरायची. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून रेडिओच्या बातम्या लागत, त्या ऐकत वनमाला बाकावर मेथी निवडायची. खाणीच्या वेळची विहीर तेवढी कोपऱ्यात राहिली, कारण चाळीतले दहावे तिच्याच कट्ट्यावर व्हायचे.

आता तोच कोपरा जायचा होता. विहीर बुजवून तिथे दुकानाचे गाळे निघणार होते. गल्लीतला पुढारी दत्ताराम एक गाळा बाळाला द्यायला तयार होता. चाळकमिटीचा सेक्रेटरी म्हणून जयवंतने फक्त हो म्हणायचं होतं. संपात बापलेक दोघांचीही गिरणीतली नोकरी सुटली होती. वनमालाने हे ऐकलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. "पोराला दुसरं काहीही बघा, पण बाग देऊ नका," ती म्हणाली. "विचार करतो," जयवंत म्हणाला. तो विचार करतच राहिला आणि ती गेली.

"उन्हं वर आली," भटजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू. तेही शास्त्राला चालतं."

"करा, करा," दत्ताराम घाईने म्हणाला. "पक्ष्याला काय कळतंय?"

"थांबा," जयवंत म्हणाला. "वनमाला, बागेला मी हात लावू देणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

बाळाने वळून बापाकडे पाहिलं. "बाबा, काय बोलताय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. एक कावळा उडाला, विहिरीवरून फिरला आणि परत फांदीवर जाऊन बसला. पुष्कळ वेळ गेला. कोणीच खाली आलं नाही.

"झालं समाधान?" दत्ताराम चपला घालत म्हणाला. "जयवंतराव, असलं बोलणं काय धरायचं नसतं. उद्या या कमिटीत."

"आता बोललो ते बोललो, दत्ताराम. उद्या येऊन हेच सांगेन."

दत्ताराम निघून गेला. भटजींनी दर्भाला गाठ मारली. बाळाने तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला, बापाकडे न बघता.

"तिला हेच पाहिजे होतं कशावरून?" त्याने हळूच विचारलं. "कावळा तर शिवलाच नाही."

"नाही शिवला," जयवंत म्हणाला. "मीच बोललो. घरीही तसंच सांग."