बांधातलं शिसं

सगळे चहाला वळले तसं जावयाने थर्मासचं झाकण काढलं, बांधाकडे पाठ करून उभा राहिला आणि मागच्या मागे हात नेऊन थर्मासमधलं शिसं मातीत ओतलं. आवाज झालाच. चहा ओतल्याचा नव्हे; कुणाच्या तरी हातून जिन्यावर खिळ्यांचा डबा सांडावा तसा. तो जोरात खोकला आणि पायाने माती सारून घेतली.

"थर्मासमध्ये चहा आहे ना?" आवाज आला. दातांची डॉक्टरीण फावडं घेऊन उभी होती.

"संपला."

"मघाशी दोन्ही हातांनी उचलून आणत होता की."

"थर्मासच जड आहे. जुना आहे."

दिवसातून दोनदा दात घासतो असं सांगणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या बुटांकडे.

"बरं," ती म्हणाली. तिच्या ॲप्रनचे खिसे खाली ओढल्यासारखे लोंबत होते. पण ज्याच्या स्वतःच्या मनात काळंबेरं असतं, तो दुसऱ्याचे खिसे बघत नाही. जावई चहाकडे निघाला.

नेमबाजीच्या त्या मैदानावर त्याला सगळेच जावई म्हणत. म्हणजे काम सगळ्यांचं करायचं, मान कुणाकडूनच नाही. खरा तो एकट्या चष्मेवाल्यांचा जावई. चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात अर्ध्या गावाला चष्मे दिले, दुकान बंद केलं, आणि आता दुकानाच्या वरच्या खोलीत ते एकटे राहत. आठवडाभर ते रविवारची वाट बघत. रविवारी रायफल पुसून, बॅग खांद्याला लावून ते मैदानावर येत, सहा नंबरच्या लेनमध्ये पालथे पडत आणि नेम धरत. मागच्या हिवाळ्यात पत्रा उडाला म्हणून मैदान बंद राहिलं, तेव्हा म्हाताऱ्याने खोलीचे पडदेसुद्धा उघडले नव्हते. लेकीने विचारलं तर म्हणाले, "उघडून बघायचं काय?"

तेव्हा तिला वाटलं होतं, बाबा उदास झालेत. खरी गोष्ट तिला नंतर कळली. एके दिवशी बाबा तिच्या घरी आले आणि दारामागच्या स्टँडवर टांगलेल्या रेनकोटला म्हणाले, "अरे वा, कधी आलात? बसा ना." रेनकोट बसला नाही. बाबांनी त्याच्या नंबरची चौकशी केली, काचा वेळेवर बदला म्हणून बजावलं आणि आत आले.

"बाबांना दिसत नाही," त्या रात्री बायको जावयाला म्हणाली.

"मग सांगूया त्यांना."

"काय सांगणार? की तुम्हाला दिसत नाही? ते त्यांना माहीत नसेल?" तिने उशी उलटी केली. "आपल्याला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. मैदान सुटलं तर माणूस आठ दिवसांत आडवा होईल."

जावयाला मात्र वेगळीच काळजी लागली. कारण ज्याला रेनकोट आणि गिऱ्हाईक यांतला फरक दिसत नाही, त्याला टार्गेट काय दिसणार? आणि गोळी टार्गेटला लागत नसेल, बांधातही शिरत नसेल, तर ती बांधावरून पलीकडे जात असणार. पलीकडे रोपवाटिका होती. जावई आता दर सोमवारी रोपवाटिकेत जाई आणि कुंड्यांना भोकं पडलीत का ते बघे. प्रत्येक कुंडीला भोक होतं. तळाला. रोपवाटिकेच्या मालकीणबाई मात्र धडधाकट होत्या, आणि ते पाहून होणाऱ्या आनंदात तो दर खेपेला एक निवडुंग विकत घेई. गॅलरी भरली, खिडक्या भरल्या, आता बाथरूमला जायचं तर अंग चोरून जावं लागे. मालकीणबाईंनी त्याला कायमचं गिऱ्हाईक म्हणून सवलत देऊ केली होती. वर सासरे सांगतील तेव्हा गोळ्यांची नवी खोकी आणून देणंही त्याच्याचकडे होतं. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आणि आता हा बांध उकरायला निघाला होता.

टार्गेटच्या मागचा मातीचा बांध काही वर्षांनी शिशाने भरतो. मग सभासद एका रविवारी एकत्र जमतात, लेननुसार माती उकरतात, चाळतात, कुजलेल्या फळ्या बदलतात, नवी वाळू भरतात. मजूर लावायचे नाहीत, ही इथली जुनी रीत. दुसरी रीत जास्त वाईट होती. चाळलेलं शिसं लेननुसार तोलायचं. सगळ्यात जड ज्याची लेन, त्याने नव्या बांधावर पहिली गोळी झाडायची. ज्याच्या लेनमध्ये काहीच नाही, त्याच्या गोळ्या बांधावरून जातात असं समजायचं आणि त्याला झेंड्यावर बसवायचं. झाडाखालच्या स्टुलावर बसायचं, लोक टार्गेटकडे निघाले की लाल झेंडा वर करायचा, परतले की खाली. मैदानावर 'झेंड्यावर बसला' म्हणजे संपला.

म्हणून जावयाने आदल्या आठवड्यात स्वतःच्या लेनमधलं शिसं खरवडून काढलं होतं, आणि आज ते थर्मासमधून सहा नंबरमध्ये आलं होतं.

चहा झाला. सासरे घडीच्या खुर्चीत बसून लेनच्या नंबरांच्या पाट्या रंगवत होते. त्यांनी दोन पाट्या छान रंगवल्या होत्या आणि तिसरा नंबर बादलीवर काढला होता. बादली कुणीही हलवली नव्हती. डॉक्टरीण तर "काका, अक्षर किती वळणदार!" असंही म्हणून गेली.

"चला, चाळण धरा," अध्यक्ष म्हणाला. तो बेकरीवाला. मैद्याची मोठी चाळण आणि पाव तोलायचा काटा त्याचाच. "पहिली लेन कुणाची?"

"माझी," प्लंबर पुढे झाला. मैदानावर आपल्यासारखा नेम कुणाचा नाही, हे तो पाइप जोडता जोडता अख्ख्या गावाला सांगत आला होता. माती चाळली गेली. चाळणीत मूठभर शिसं राहिलं.

"हे काय रे?" बेकरीवाला म्हणाला. "दर रविवारी येतोस, आणि निघालं एवढंसं?"

"माझ्या गोळ्या खोल जातात," प्लंबर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंच्या लेनमध्ये चमचाभर निघालं. "दात असते तर जास्त निघाले असते," ती म्हणाली आणि बाजूला झाली. बेकरीवाल्याच्या स्वतःच्या लेनमध्ये तर चाळणीत एक बटण आलं.

"माझंच आहे," तो म्हणाला. "गोळीसकट सुटलं असेल."

जावई मनात हिशेब करू लागला. एकट्या म्हाताऱ्याच्या नव्हे, सगळ्यांच्याच गोळ्या पलीकडे जात होत्या की काय? मालकीणबाई आत्ता या वेळी रोपांना पाणी घालत असतील. त्याने बांधाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग उगाच आभाळाकडे.

सहा नंबर आला. प्लंबरने पहिलं फावडं मारलं आणि ते खणकन वाजलं. दुसरं मारलं, तेही वाजलं. चाळण अशी भरली की दोघांना धरवेना. बेकरीवाल्याने पारड्यात वजनं टाकली, आणखी टाकली, शेवटी काट्याखाली गुडघा दिला. शिसं येतच राहिलं. एका ढेकळातून प्लॅस्टिकची पिशवी निघाली, गाठ मारलेली, त्यातही शिसं. प्लंबरने ती चपळाईने खिशात घातली. जावई प्लंबरकडे बघत राहिला, मग डॉक्टरीणबाईंच्या ॲप्रनकडे. खिसे आता सपाट झाले होते. तिने त्याच्या थर्मासकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "जुना आहे, नाही का?"

"किती भरलं?" खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"खूप," बेकरीवाला म्हणाला. "काट्याच्या बाहेर आहे, काका."

"बघू."

त्यांच्या ओंजळीत शिसं घातलं. ते त्यांनी बोटांनी चाचपलं, एकेक चपटा तुकडा अंगठ्याने फिरवून पाहिला. "तुझं किती निघालं, प्लंबर?"

"मूठभर."

"आणि डॉक्टरीणबाई, तुमचं?"

"चमचाभर, काका."

"अध्यक्ष?"

"बटण."

"हं," सासरे म्हणाले, आणि ओंजळ पुढे करून शिसं परत दिलं.

तेवढ्यात सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. चोरून, पदरचं घालून, त्यांनी म्हाताऱ्याला झेंड्यापासून वाचवलं होतं आणि पहिल्या गोळीवर नेऊन उभं केलं होतं. एकट्याने झाडायची गोळी, सगळ्यांदेखत. इतके दिवस ओळीत सगळे एकदम झाडत, कुणाची कुठे गेली ते कुणाला कळत नसे. आता कळणार होतं. फळ्या बदलून नवी वाळू भरायला सगळ्यांनी होईल तितका वेळ लावला.

"आज वारा आहे जरा," जावई म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

"वाळू अजून बसायची आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"रीत म्हणजे तरी काय, आपणच पाडलेली," बेकरीवाला म्हणाला.

"रीत आहे," सासरे म्हणाले आणि उठले. "जावईबापू, रायफल आणा. बॅग राहू द्या, ती मी घेतो."

त्या बॅगला ते कुणाला हात लावू देत नसत. सहा नंबरमध्ये ते पालथे पडले, बॅगेत हात घालून काहीतरी चाचपडले, रायफल उघडली, मिटली. सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. जावयाने एका बाजूचा चढवलाच नाही. बांधापलीकडून त्याला पाण्याची झारी ऐकू येत होती. धावत जाऊन मालकीणबाईंना खाली बसा म्हणून सांगावं का? का म्हणून विचारलं तर? त्याने तोंड उघडलं.

म्हाताऱ्याने श्वास सोडला, अर्धा धरला, आणि चाप ओढला.

टक.

एवढंच. कपाटाचं दार लागावं तसं. मफ असले तरी गोळी सुटली की नाही एवढं कळतंच. सगळे जसे होते तसे उभे राहिले. पलीकडे झारी चालूच होती.

"कुठे गेली?" सासऱ्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

बेकरीवाला दुर्बिणीला डोळा लावून होता. टार्गेटचा कागद दुधासारखा कोरा होता. पाव भाजला की नाही बघताना तो बघतो तसं त्याने बराच वेळ बघितलं.

"मधोमध," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. आधी प्लंबरच्या, मग सगळ्यांच्या.

सासऱ्यांनी रायफल उघडली आणि मैदानाच्या नियमाप्रमाणे वर धरून म्हणाले, "रिकामी."

असं म्हटलं की अध्यक्षाने वाकून बघायचं आणि तेच म्हणायचं. एरवी बेकरीवाला नुसती मान हलवी. आज तो गुडघ्यावर बसला, नळीशी नाक नेलं. शेजारी उभ्या जावयालाही वास आला. बंदुकीच्या दारूचा नव्हता, धुराचा नव्हता. नुसत्या तेलाचा, जुन्या, रोज पुसलेल्या.

"रिकामी," बेकरीवाला म्हणाला.

जावयाने सासऱ्यांना हात देऊन उठवलं. त्यांनी कपडे झटकले, आणि बॅग त्याच्या हातात दिली. ती इतकी जड होती की त्याचा खांदा खाली गेला. चेन अर्धवट उघडी होती. आत गोळ्यांची खोकी रचून ठेवली होती, त्यानेच आणून दिलेली, जुन्यातली जुनी तळाला. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"जावईबापू," सासरे फक्त त्याला ऐकू जाईल इतकं हळू म्हणाले, "ती झाडं आता आणू नका. तिकडे काही गेलेलं नाही. आणि तुमच्याकडे आलो की फार टोचतात हो."

मग ते झाडाकडे चालू लागले. वाटेत बादलीला पाय लागला तेव्हा "माफ करा" म्हणाले. स्टूल हाताने शोधलं, ओढून नीट मांडलं, बसले, आणि झेंडा वर केला.

"जा," ते ओरडले. "बघून या. आता कुणी झाडणार नाही, मी आहे."

कुणालाच जायचं नव्हतं, पण झेंडा वर होता. सगळे ओळीने निघाले, नव्या वाळूत पाय रुतवत सहा नंबरच्या टार्गेटपुढे जाऊन उभे राहिले. कोऱ्या कागदाकडे बघत. इथे कागद वाया घालवत नाहीत. भोक पडलं की त्यावर काळी कागदी टिकली चिकटवतात आणि पुन्हा तोच वापरतात. डॉक्टरीणबाईंनी प्लंबरकडे बघितलं, प्लंबरने अध्यक्षाकडे.

"सापडलं का?" झाडाखालून हाक आली.

जावयाने मागे वळून पाहिलं. म्हातारा ताठ बसला होता. झेंडा दोन्ही हातांनी धरलेला, उंच, पण टार्गेटकडे नव्हे, जरासा रोपवाटिकेकडे.

"सापडलं, बाबा!" तो ओरडला.

बेकरीवाल्याने खिशातून टिकली काढली, मागचा कागद सोलला, मधोमध चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबली.