गोजराबाईच्या चंचीतला चोरकप्पा

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. चंची म्हणजे काय, हे तुमच्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल, कारण दुकानात मी आता मिळत नाही. हातभर लांबीच्या कापडावर एकाखाली एक कप्पे शिवायचे, त्यांत सुपारी, कात, लवंग, तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवायची, मग घडी घालून, नाडीने बांधून कमरेला खोचायची. अशी माझी जात. मला सहा कप्पे आहेत. पाच सगळ्यांना दिसतात. मला जे सांगायचे आहे ते सहाव्याबद्दल आहे.

मला वाशिमजवळच्या मालेगावच्या मेहरबींनी शिवले. त्या बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन बसत आणि उरलेल्या तुकड्यांतून चंच्या करीत. किन्हीराजा गावच्या गोजराबाई आल्या. त्यांनी मला उचलले आणि टाके ओढून पाहिले.

"टाका नाई तुटनार बाई, पह्यले कापड फाटन," मेहरबी म्हणाल्या. "अन् हा पाह्य, मांगून चोरकप्पा. याच्यात काय ठेवलं ते नवऱ्यालेबी नोको सांगू."

"नवऱ्यापासून लपवाले माह्यापाशी हायेच काय?" असे म्हणत गोजराबाईंनी मला कमरेला खोचले.

ते खरे होते. पहिली काही वर्षे माझा चोरकप्पा रिकामाच राहिला. बाकीचे पाच मात्र कधी रिकामे नसत. दुपारी ओट्यावर बायका जमत. गोजराबाईंची एक सवय होती. कुणी सुपारी मागितली तर त्या एक खांड काढून देत नसत, चंचीच पुढे सरकवत. मोजून देणे त्यांना हलके वाटे. "गोजरे, तुह्या चंचीत सुपारी कमी अन् लवंगाच जास्त," असे कुणी चिडवले, की त्या म्हणत, "तुह्या तोंडाचा वास पाहून ठेवल्या." ओटा हसे. माझी नाडी दिवसातून वीसदा सुटे आणि वीसदा बांधली जाई.

अकरा वर्षांपूर्वी सोयाबीन घरात आले आणि गोजराबाई आडव्या झाल्या. ताप नव्हता, दुखत काही नव्हते. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. तरुणपणी, मुलगा झाल्यावर, असेच एकदा झाले होते. तेव्हा दीड वर्ष कुणाला काही कळले नव्हते. या वेळी गावातल्या आशाताईंनी त्यांना वाशिमला नेले. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास विचारपूस केली. हा उदासीनतेचा आजार आहे, म्हणाल्या, आणि रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली. फरक पडायला महिना-दीड महिना लागेल, हेही सांगितले.

मी तेव्हा खुंटीला होते. सहाव्या आठवड्यात गोजराबाईंनी विचारले, "माही चंची कोठी ठेवली?" पुष्कळ दिवसांनी त्यांनी मागितलेली ती पहिली वस्तू. नाडी सुटली. सुपारीला कीड लागली होती. त्यांनी ती झटकली आणि चोरकप्प्यात गोळ्यांचे पाकीट ठेवले. म्हातारी बाई चंचीतून काय काढून तोंडात टाकते, हे कुणी विचारत नाही.

त्यानंतर त्या बऱ्या राहिल्या. दर महिन्याला मालेगावला बस बदलून वाशिमला जायचे आणि गोळ्या आणायच्या. सोबत नात असे, निकिता. तिचे आईवडील पुण्याजवळ एका कंपनीत कामाला होते आणि ती लहानपणापासून आजीपाशी वाढली होती. वाशिमच्या स्टँडवर दोघी पेरू खात. पुढच्या नऊ वर्षांत गोजराबाईंनी तिला सायकल घेऊन दिली, बारावीच्या पेपरांना तिच्याबरोबर केंद्राबाहेर बसून राहिल्या, तिला पुरणाच्या पोळ्या लाटायला शिकवल्या. मित्रांनो, मी हे मुद्दाम सांगते. रोज गोळी घेणारी बाई म्हणजे आजारी बाई, असे पुष्कळांना वाटते. माझ्या गोजराबाई आजारी नव्हत्या. त्या बऱ्या होत्या, आणि गोळी हा बरे राहण्यातला एक भाग होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर निकितासाठी रिसोडचे स्थळ आले. पाहुणे येणार त्या सकाळी गोजराबाई मला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. त्यांच्या मनात काय होते, ते त्यांनी मारोतरावांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, सांगितले.

"इहीनबाई सुपारी मागन. मी चंची देईन, अन् तिच्या हाताले पाकीट लागन. मंग उद्या म्हनतीन, आजी येडी हाये, नातबी तशीच निघन."

"मंग काढून टाक," मारोतराव म्हणाले. "तशी आता तुले गरज कायची? अळी गेली का आपन फवारा बंद करतोच नं?"

ते वाईट मनाने बोलले नाहीत. चाळीस वर्षांची शेती बोलली. गोजराबाईंनी पाकीट काढून धान्याच्या कोठीमागे ठेवले.

पाहुणे आले. चहापोहे झाले. गोजराबाईंनी मला सोडून विहीणबाईंपुढे सरकवले. त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई. मी सुपारी सोडली. दात हालते." आणि त्यांनी मला बोटही लावले नाही.

सोयरीक जुळली. गोळ्या मात्र परत माझ्यात आल्या नाहीत. दोन दिवस गोळीविना गेले होते आणि काही बिघडले नव्हते, म्हणून तिसराही गेला. पुढे चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होई. गोजराबाई म्हणाल्या, थंडी बाधली. पंधरा दिवसांनी ते थांबले, तेव्हा त्यांना वाटले, आपण जिंकलो. लग्न एप्रिलमध्ये होते. तोवर रिसोडची माणसे येत-जात राहणार, मग कशाला जोखीम, असा त्यांचा हिशेब.

जानेवारीत त्यांची झोप उडाली. फेब्रुवारीत तूर घरात आली आणि त्या ओट्यावर जायच्या बंद झाल्या. बायका विचारायला आल्या तर म्हणत, "पाय दुखून राह्यले." पाय दुखत नव्हते. माझी नाडी दिवसातून एकदा सुटू लागली, मग दोन दिवसांतून एकदा, मग सुटलीच नाही. चुना डबीत दगड झाला. निकिता लग्नाच्या गडबडीत होती; वाशिमच्या खेपा आता मारोतरावांबरोबर होतात, असे गोजराबाई तिला सांगत. ती जवळ आली की आजी हसून दाखवत, आणि त्या एवढ्या हसण्याने थकून जात.

लग्नाच्या दिवशी सुनेने त्यांना नवे लुगडे नेसवले आणि सवयीने मला कमरेला खोचले. म्हणून मी मांडवात होते. गोजराबाई पहिल्या ओळीत बसल्या. त्यांच्या हातात अक्षता दिल्या, त्या हातातच राहिल्या. पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता. मारोतरावांनी तोंडात उपरणे धरले होते. निकिता वाकली आणि तिने आजीला मिठी मारली. मी दोघींच्या मध्ये दाबली गेले.

"आजी, तू रडत काहून नाईस वं?"

"मले रडू येत नाई, माय," गोजराबाई म्हणाल्या. "मले काईच होत नाई."

गाडी निघून गेली. ज्या दिवसासाठी त्यांनी गोळी सोडली होती, तो दिवस असा गेला.

मांडवपरतणीला निकिता माहेरी आली. आजीचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसली. मग तिने मला काढले, नाडी सोडली आणि सरळ चोरकप्प्यात बोटे घातली. कप्पा रिकामा होता.

"आबा, गोयी कधीपासून बंद हाये?"

मारोतराव दाराकडे पाहत राहिले. "दिवाळीपासून. तब्येत चांगली व्हती म्हून—"

"गोयीनं चांगली व्हती, आबा."

"तुह्यासाठीच केलं तिनं. तुह्या सासरी कळू नाई म्हून."

निकिताने नवऱ्याला फोन लावला आणि दोन दिवस उशिरा येईन, आजीला वाशिमला न्यायचे आहे, हे कारणासकट सांगितले. पलीकडून उत्तर आले, "मी गाडी घेऊन येतो. बसनं कायले नेतं?" एवढेच. सहा महिने ज्याची भीती बाळगली होती, ते सांगायला एक मिनिटही लागले नाही.

वाशिमला मारोतरावांनी पुन्हा अळीची आणि फवाऱ्याची गोष्ट काढली. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतली. "अळी तुम्हाला पानावर दिसते, बाबा. हा आजार गेला, हे तुम्ही कशावरून ठरवलं?" मग त्यांनी समजावले. कुणाची गोळी पुढे बंद करता येते, पण तीही विचारून आणि हळूहळू कमी करत. गोजराबाईंना ही तिसरी खेप आहे, त्यामुळे त्यांना ती दीर्घकाळ घ्यावी लागेल. आणि या वेळी उतार पडायला जास्त दिवस लागतील.

लागलेच. पोळा आला तरी त्या ओट्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला मागून घेतले आणि चुन्याची डबी बदलली. आता त्या बायकांत बसतात, चिडवल्यावर उलट बोलतात. मात्र पूर्वीइतक्या लवकर नाही. गोळ्या आता भिंतीतल्या देवळीत, मारोतरावांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा असतात. माझा चोरकप्पा रिकामा आहे आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचे वाटते.

परवा गोजराबाई मोबाइलवर लग्नाचे फोटो पाहत होत्या. त्यांनी निकिताला फोन लावला. "सारं दिसते यात," त्या म्हणाल्या. "पन मले त्या दिवसाचं काईच आठवत नाई. जाताना मी तुले काय म्हटलं व्हतं वं?"

निकिता म्हणाली, "तू म्हटलं, सुखात राह्य. अन् लय रडली."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बरे राहण्यासाठी रोज गोळी घेत असेल, तर ती कुठे ठेवली आहे हे माहीत करून घ्या. संपत आली की आठवण करा. "आता तर तुला काही झालेलं नाही" असे प्रेमानेसुद्धा म्हणून ती बंद करायला लावू नका. तो प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो. आणि त्या माणसाला गोळी लपवावी लागेल, असे वागू नका. गेलेली तब्येत परत आणता येते, वेळ लागला तरी. गेलेला दिवस परत आणता येत नाही.

निकिताने सांगितलेले ते वाक्य गोजराबाई आता ओट्यावर सगळ्यांना सांगतात. सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. मी त्या दिवशी त्यांच्या कमरेला होते. त्या तसे काही म्हणाल्या नव्हत्या.