पहिल्या खिळ्यावरचं नाव

राहुरीच्या स्टँडसमोर ज्ञानेश्वरीचं एसटीडी बूथ होतं. बाहेर फळीवर चार खिळे, खिळ्यांवर मोटर भरणाऱ्या चार मिस्त्र्यांच्या पत्र्याच्या पाट्या. खेड्यातला माणूस विहिरीवरची जळकी मोटर घेऊन आला की आधी तिथंच विचारायचा. ज्ञानेश्वरी पहिल्या खिळ्यावरचं नाव सांगायची आणि शिक्का मारलेली चिठ्ठी हातात ठेवायची. चिठ्ठी दुकानात पोचली तर त्या दुकानानं तिला पैसे द्यायचे. एका चिठ्ठीला किती, ते प्रत्येक मिस्त्री रविवारी बंद पाकिटात लिहून देई. सोमवारी पाट्या नव्यानं चढत.

सहादेवनं या खेपेला चार रुपये लिहिले होते. एवढा आकडा दुसरा कोण लिहिणार? तरी सोमवारी त्याची पाटी दुसऱ्याच खिळ्यावर. वर रस्त्यावरच्या कानिफनाथ मिस्त्र्याची.

"ताई, त्यानं किती लिवले?"

"अडीच."

"आन त्यो वर? सोयरा लागतो का तुमचा?"

ज्ञानेश्वरीनं फोनच्या मीटरवरून नजर काढली नाही. "भाऊ, आकडा तुमचाच मोठा हाय. पन गेल्या आठवड्यात तुमच्या नावानं धा मान्सं धाडली, पोचली तीन. त्याच्याकडं धातली आठ पोचली. आता मी कुनाला वर टांगू, तुमीच सांगा."

"मंग बाकीची सात कुठं गेली?"

"मलाबी त्येच इचारायचं हुतं. का चिठ्ठ्या तुमीच चुलीत घालता?"

सहादेवच्या कानशिलाची शीर उडाली. चैत्र तोंडावर आला होता. विहिरी तळाला जायच्या, व्होल्टेज पडायचं, पटापट मोटारी जळायच्या. वर्षाची भाकरी त्या दोन महिन्यांत. ते हुकले की दुकानाला कुलूप, आणि पुन्हा कारखान्यात रोजंदारी.

तो घराकडं वळला; दुकान घरातच होतं. बोळाच्या तोंडाशी त्यानंच दिवाळीत आणून टाकलेला धोंडा होता, तो सवयीनं ओलांडला. कानिफनाथाचा टेम्पो आपली गिऱ्हाइकं मोजायला बोळात शिरतो, असा तेव्हा त्याला वहीम होता.

दुकानात रतनबाई तांब्याची तार साच्यावर गुंडाळत होती. वेढे ती बोटांवर मोजत नसे, ओवीवर मोजी. एक ओळ सरली की दहा वेढे. नवरा तणतणत आला तशी ओवीच बदलली:

"तांब्याची माझी तार, घालिते बाई वेढा,
धन्याच्या मनामंदी, सुटंना कसा तिढा."

"गा, गा! वाटंत गिऱ्हाइकं पळवत्यात आन तू गा!"

"कोन पळवतंय?"

"बघतोच. रैवारी सा रुपये लिवतो, आन चोरबी धरतो."

"अवो, सा लिवा न्हाईतर साठ. मानूसच आलं न्हाई तर आकडा काय मोटर भरनार हाय?"

दुसऱ्या दिवशी सहादेव रसवंतीच्या कापडाआड सायकल धरून उभा राहिला. अकराच्या सुमाराला एक टेम्पो थांबला. पागोटंवाला शेतकरी बूथवर गेला. ज्ञानेश्वरीनं पहिलं नाव सांगितलं असावं, पण म्हातारा मान हलवत म्हणाला, "त्याच्याकडं लई गर्दी. दुसरा सांग, बाई." तिनं दुसऱ्या पाटीकडं बोट केलं. चिठ्ठी फाडली.

आपलं गिऱ्हाईक! सहादेव मागं निघाला. टेम्पो कानिफनाथाच्या दुकानापाशी हळू झाला. आता धरला, सहादेवनं मनात म्हटलं. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं. कानिफनाथ हातातला पाना तसाच धरून बाहेर आला आणि पान्यानंच दाखवलं: पुढं, डावीकडं, सहादेवचा बोळ.

खोटं दाखवलं असेल. पण टेम्पो बरोबर बोळाशी गेला. आणि थांबला.

"आरं, हा धोंडा कुन्या येड्यानं आनून ठिवलाय?" म्हातारा खाली उतरला. "मोटर काय डोक्यावर न्यायची?"

"काकासाहेब, बसा," ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या सोमवारीबी इथनंच माघारी गेल्तो. त्या रस्त्यावरच्याकडंच जाऊ. गर्दी तर गर्दी."

टेम्पोनं मागचा गिअर टाकला. सहादेवनं मनात हिशेब केला. सात माणसं, सात चिठ्ठ्या... चोर धरायला आला होता, तो आता कुणाची गचांडी धरणार?

"थांबा!" तो ओरडला. सायकल पडली तिथंच. खांदा लावला तरी धोंडा हलेना. काकासाहेब आणि ड्रायव्हरनं हात लावला तेव्हा कुठं तो कडेला गेला. खाली ओली काळी माती, त्यात वळवळणारं एक गांडूळ.

"कुनी ठिवला हुता रं?" काकासाहेबानं धोतराला हात पुसत विचारलं.

सहादेवच्या तोंडावर कानिफनाथाचं नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"म्याच."

म्हाताऱ्यानं खिशातली घामेजलेली चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. "मोटर तरी नीट भरतो ना?"

रविवारी रतनबाईनं पाकीट पुढं केलं. सहादेवनं सहाचा आकडा खोडून तीन लिहिला.

"कमी क्येला?"

"मान्सं पोचली तर तीन लई झाले."

तिनं तार साच्याला लावली. ओवी सुरू झाली, वेढे पडू लागले. सहादेव उठून बोळाच्या तोंडाशी गेला, मोकळ्या वाटेवर उभा राहिला, आणि कानिफनाथाचा टेम्पो कुठं दिसतो का, ते एकदा बघून आला.