विहिरीची ओटी

ओटी टेस्ट ही पाण्याची साधी तपासणी. काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घ्यायचं, त्यात दोन-चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, जंतू मारायची पावडर पाण्यात उतरली. नाव इंग्रजी अक्षरांचं, पण सटाणा-मालेगाव रस्त्यावरच्या त्या वस्तीला त्याचं काय? मी आरोग्यसेवक. मी पेटी घेऊन आलो की लंकाबाई ओट्यावरूनच ओरडायच्या, "चला वं, भाऊ विहिरनी ओटी भराले उना!" नळीतलं पाणी पिवळं झालं की बाया म्हणायच्या, हळद लागली. मीही हसायचो.

याच लंकाबाईंनी चौऱ्याण्णव साली मला विहिरीवरून हाकललं होतं. हगवणीच्या साथीत वस्तीतली दोन माणसं गेली होती, तरी पावडरीच्या वासाचं पाणी कुणी पीत नव्हतं. शेवटी मी त्यांच्यासमोर लोटीभर पाणी घटाघटा प्यालो आणि म्हणालो, "वास येतो म्हणजे पाणी चांगलं. त्यात औषध आहे." बाईंना ते पटलं. एकदा पटलं की त्या माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या. माझं वाक्य त्यांनी घरोघर नेलं. साथ हटली, आणि मी त्या वस्तीवर देवमाणूस झालो.

देवमाणूस झालं की माणूस आळशी होतो, निदान मी तरी झालो. पुढं पुढं मी मोटारसायकलवरून उतरायचोसुद्धा नाही. "वास येतो का?" "येस भाऊ, लय येस." झालं, वहीत बरोबरची खूण. पेटीतली थेंबांची बाटली सुकून गेली. लंकाबाई पाण्याची लोटी घेऊन यायच्या, तर मी म्हणायचो, "आत्ताच चहा झाला." खरं तर माझ्या खांद्याला घरच्या पाण्याची वॉटरबॅग असायची. आमच्याकडं दारात आलेलं पाणी कुणी नाकारत नाही. मी नाकारत होतो, आणि मोठ्या माणसाचं तसंच असतं असं समजून त्या गप्प राहायच्या.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांची सून सविता पोटुशी होती. नाशिकरोडची मुलगी, बोलायला धीट. एकदा मी खूण करून निघणार तोच ती म्हणाली, "दादा, या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. मी शाळेजवळच्या हापशावरून आणू का?"

लंकाबाई हसल्या. "दोन जीवनी बाई शे. तिले भाकरनाबी वास येस."

मीही हसलो. मोटारसायकल चालूच होती. "औषधाचाच वास तो, ताई," मी म्हणालो. "बाळाला चांगलं."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

सातव्या महिन्यात सविताची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. त्यानंतर आठ-दहा दिवसांत पोटातली हालचाल थांबली. मालेगावच्या दवाखान्यात नेलं, पण मूल गेलेलं होतं.

मी भेटायला गेलो. अंगणात चटई टाकलेली, सविता आत भिंतीकडं तोंड करून निजलेली. लंकाबाईंनी लोटी पुढं केली. दुःखाच्या घरी चहा झाला असं म्हणता येत नाही. चार-पाच वर्षांनी मी पुन्हा त्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं.

पावडरीचा वास नव्हताच. ते डिझेल होतं. मी चूळ तिथंच अंगणात थुंकलो, आणि थुंकताना लंकाबाई माझ्याकडं बघत होत्या.

विहिरीच्या वरच्या अंगाला, शंभर-दीडशे पावलांवर हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप होता. जमिनीतली टाकी उकरली तेव्हा तिचा तळाचा सांधा गंजून गेलेला निघाला. रोज मोजताना टाकीत डिझेल कमी भरायचं, पण पंपवाले म्हणायचे, ऊन लागून उडतं. पेट्रोल उडतं, डिझेल कुठलं उडतंय! ते खाली मुरत होतं आणि मुरत मुरत विहिरीला लागलं होतं.

विहीर बंद केली. आजूबाजूला बारीक बोअर घेतले. दर तीन महिन्यांनी तपासणीची माणसं येत, दोरीला बांधलेली पारदर्शक नळी आत सोडत आणि पाण्यावर तरंगणारा डिझेलचा थर मोजत. आधी बोटभर होता, वर्षानं अर्धं बोट. ते माझं काम नव्हतं, तरी मी दर खेपेला जायचो, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचो. डॉक्टरांनी मूल पाण्यानं गेलं असं सांगितलं नाही, आणि पाण्यानं गेलं नाही असंही सांगितलं नाही. मला मात्र झोप लागायची नाही. अख्ख्या वस्तीत एकटी सविता खरं बोलली होती, आणि तिचं खरं आम्ही दोघांनी डोहाळ्यांत काढलं होतं.

लंकाबाईंनी मला शिवी दिली नाही. एकदाच म्हणाल्या, "तुन्हा शब्द मी घरोघर नेल व्हता, भाऊ." विहिरीची ओटी हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

दोन हजार तीन साली वस्तीला नळ आला. पाणी लांबच्या धरणाचं. पहिल्या दिवशी मी थेंबांची नवी बाटली घेऊन गेलो. सविताला पुन्हा सहावा महिना होता. ती उंबऱ्यात उभी होती, एक हात पोटावर. मी नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पूर्वी असतं तर अंगणभर हसू पिकलं असतं.

"पिवळं झालं," मी म्हणालो. "चांगलं आहे."

लंकाबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नळाखाली लोटी भरली आणि दोन्ही हातांनी सुनेपुढं धरली.

"तू सांग, पोरी. वास येस का?"

सवितानं लोटी नाकाशी नेली. डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मी वही उघडून, खूण न करता उभा होतो.

"येतो," ती म्हणाली. "पण हा पावडरीचा आहे."

मग तिनं लोटी माझ्यापुढं केली.

"आधी तुम्ही, दादा."

मी वॉटरबॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि तिच्यासमोर सगळी लोटी प्यालो.